कागदाचं विमान, दुमजली

ऑफिसात मला दोन नावं आहेत. एक आयडी कार्डवरचं, दुसरं 'कागद्या'. सोमवारी सकाळी बाकीची जनता लोणावळ्याचा पाऊस नाहीतर नवा सिनेमा यावर तावातावाने बोलत असते, तेव्हा मी मीटिंगमध्ये टेबलाखाली हात धरून बोटांवर वाळलेल्या फेविकॉलचे पापुद्रे सोलत असतो. बॉसला ते दिसतं. बॉस तेव्हा काही म्हणत नाही. अॅप्रेझलमध्ये 'टीम प्लेअर'च्या रकान्यात मात्र म्हणतो.

तर मंडळी, मी कागदाची विमानं बनवतो. थांबा, वहीचं पान फाडून मास्तरांची पाठ फिरली की सोडायची ती नव्हेत. ती निदान उडतात तरी. माझी उडत नाहीत. माझी म्हणजे पहिल्या महायुद्धातली, एकावर एक दोन पंख असलेली, तारांनी बांधलेली बायप्लेन्स. जाड कागदावर छापलेले दोनेकशे तुकडे कापायचे, मुडपायचे, चिकटवायचे आणि तीन-चार वीकेंड खर्ची पडले की टेबलावर फूटभर विमान उभं राहतं. बायको त्यावरची धूळ झटकत नाही. 'तुझं तू बघ' हा आमच्या संसारातला शांतता करार आहे.

हे फॅड काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. पूर्व युरोपात, पोलंड आणि तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, १९५०च्या दशकापासून मासिकांतून अशी विमानं छापून यायची. प्लॅस्टिकची किट मिळायची नाहीत, परवडायची नाहीत, पण कागद आणि कात्री घरोघरी होती. तिथून १:३३ हे माप रूढ झालं. म्हणजे खऱ्या विमानाचे ३३ सेंटिमीटर, ते आपल्या टेबलावर एक सेंटिमीटर. खर्च म्हणाल तर प्रिंटआऊटचे पैसे, एक कटर, स्टीलची पट्टी, गोंद आणि शाई संपलेलं बॉलपेन. एका पिझ्झात सगळं बसतं.

आणि बायप्लेनच का? कारण ते मुळातच आपल्या मालमसाल्याचं आहे. १९१४ ते १९१८ मधलं लढाऊ विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, कापडावर 'डोप' नावाचं रोगण. ते वाळलं की कापड खळ घातलेल्या साडीसारखं ताठ व्हायचं. तेव्हाची इंजिनं आजच्या मानाने अशक्त, म्हणून विमान हलकं हवं. हलका, पातळ पंख एकटा वाऱ्याला टिकेना, म्हणून एकावर एक दोन घ्यायचे, मध्ये लाकडी खांब उभे करायचे आणि तिरक्या तारा आवळायच्या. लग्नाच्या मांडवाला तिरके बांबू बांधतात ना, सेम तेच लॉजिक. त्यामुळे कागदावर जे जमतं आणि जे जमत नाही, ते खऱ्या विमानाचंही तसंच होतं. वरचा पंख सरळ बसवणं हे सगळ्यात अवघड काम. तेव्हाच्या मेकॅनिकचंही आणि माझंही.

असो. हे सगळं झालं शहाणपण. आता खरी गोष्ट.

बोटांचं हे वेड माझं नाही, अप्पांचं. अप्पा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घर मुरबाडला, पण नोकरीची बरीचशी वर्षं शहापूर तालुक्यातल्या गावांत गेली. एसटीच्या खिडकीत वह्या तपासायचे आणि दिवाळी जवळ आली की आमच्या ओटीवर कारखाना काढायचे. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने आवळायच्या, आई चुलीवर खळ शिजवायची आणि अख्ख्या आळीचे आकाशकंदील आमच्याकडे तयार व्हायचे. मला कात्री हातात मिळाली ती दुसरीत असताना, एका अटीवर. अप्पा म्हणाले होते, ''कात्री फिरवायची नाही. कात्री जागेवर, कागद फिरवायचा.'' आज इंजिनाचं गोल तोंड कापताना मी तेच करतो. नेटवर कुणी परदेशी उस्ताद हीच टीप भारी इंग्रजीत देतो तेव्हा मला हसू येतं.

तीन वर्षांपूर्वी अप्पांना कंपवात झाला. डॉक्टरी भाषेत पार्किन्सन्स. उजवा हात. गंमत म्हणजे, गंमत कसली, हात रिकामा मांडीवर असला की जास्त हलतो. काही उचलायला गेलं की क्षणभर शांत होतो, आपल्याला वाटतं सुधारलं, आणि वस्तू धरून ठेवली की पुन्हा सुरू. कपबशी वाजायला लागली तशी आईने बशी द्यायचं बंद केलं. मग कपही अर्धाच भरायला लागली.

मी ठाण्यात. मुरबाड काही अमेरिकेत नाही. ट्रेनने कल्याण, तिथून एसटी, फार तर अडीच तास. पूर्वी महिन्यातून दोनदा जायचो. ते एकदा झालं. मग सणासुदीला. रिलीज आहे, क्लायंट आलाय, पोराची परीक्षा आहे... कारणं सगळी खरी होती. म्हणूनच ती वापरता येत होती. नाटक न करता सांगायचं तर मला तो हात बघवत नव्हता. आणि त्याच वर्षांत माझी विमानांची संख्या दुप्पट झाली, हे बायकोने एकदा सहज बोलून दाखवलं. मी तिच्याशी दोन दिवस नीट बोललो नाही.

गेल्या दिवाळीला गेलो तर ओटीवर प्लॅस्टिकचा कंदील. फोल्डिंगचा. बाजारातून आणलेला. दादाचा मुलगा, आठवीतला, तो लावत होता. अप्पा खुर्चीत बसून वर बघत होते. म्हणाले, ''बरा आहे. घडी होते, पुढच्या वर्षी चालेल.'' बस, एवढंच.

भाऊबीज झाल्यावर दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. शुक्रवारची रात्र, बॅगेत कपडे कमी आणि कागद जास्त. विमान निवडून नेलं होतं: सॉपविथ डॉल्फिन.

आता हे डॉल्फिन का, ते ऐका. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात आपले मोजके वैमानिक होते. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय हे नाव थोडंफार ऐकलेलं असतं. एस.ई.फाइव्ह-ए विमानावर जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं पाडली आणि २२ जुलैला गेला, तेव्हा वय वर्षं १९. दुसरे हरदितसिंग मलिक, सॉपविथ कॅमलवाले. ब्रिटिशांनी आधी घेतलं नाही, तेव्हा फ्रेंचांकडे जायला निघाले, मग ऑक्सफर्डच्या गुरुजींनी चिठ्ठी लिहिली आणि दार उघडलं. पुढे स्वतंत्र भारताचे ते फ्रान्समधले राजदूत झाले. आणि तिसरे आपल्या मुंबईचे. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिनकर. २३ नंबरची स्क्वाड्रन, विमान सॉपविथ डॉल्फिन. जून १९१८च्या अखेरीस गेले. फ्रान्समध्ये सोम नदीच्या मुलखात हांगार नावाचं गाव आहे, तिथल्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मी सगळे कागद पसरले आणि अप्पांना हे सांगितलं. अप्पांनी चष्मा लावला. ''वेलिनकर? वेलिंगकर असणार. गोऱ्यांनी अक्षर खाल्लं.'' मग थोड्या वेळाने, ''बसतो कुठे माणूस?''

हाच तर डॉल्फिनचा प्रॉब्लेम. नेहमीच्या बायप्लेनमध्ये वरचा पंख थोडा पुढे असतो, खालचा मागे. डॉल्फिनमध्ये उलटं, खालचा पुढे आणि वरचा मागे. शिवाय वरचा पंख अगदी खाली, अंगाला टेकेल असा. त्याच्या मधोमध चौकट उघडी ठेवलेली आणि त्यातून वैमानिकाचं डोकं वर आलेलं. वर, मागे, चहूबाजूंना नजर पोहोचते. पण उतरताना विमान नाकावर पडून उलटलं, तर जमिनीला आधी काय लागणार ते सांगायला नको. त्यात ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलेलं नसायचं. बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना असायचं, विमानवाल्यांना नाही.

अप्पा म्हणाले, ''म्हणजे बाहेर डोकं काढून बसायचं.'' आणि कागद फिरवून बघायला लागले.

दिवसभर झक्कास गेला. मी कापायचो, अप्पा तुकड्यांचा हिशेब ठेवायचे. कुठला नंबर झाला, कुठला राहिला. मुडपायच्या रेघेवर रिकामं बॉलपेन दाबून फिरवायचं असतं, म्हणजे घडी सुबक येते. ते काम त्यांनी पट्टी धरून केलं आणि छान केलं. ओढताना हात शांत राहायचा. पुतण्या मोबाइल बाजूला ठेवून कडा रंगवत बसला. कापलेल्या कागदाची कड पांढरी दिसते, ती स्केचपेनने रंगवली की जादू होते. आई येता-जाता म्हणत होती, ''या टेबलावर आज जेवायचंय की नाही?'' पंखांची लांबी मोजली तर बरोबर ३० सेंटिमीटर. खरं डॉल्फिन ९ मीटर ९१ सेंटिमीटर, भागिले ३३. अप्पांनी कंपासपेटीतली फूटपट्टी शेजारी ठेवली. पट्टी आणि पंख, दोन्ही सारखे. मास्तर खूश.

संध्याकाळी वरचा पंख बसवायची वेळ आली. खांबांच्या टोकांना गोंद लावला, पंख टेकवला. आता मिनिट-दोन मिनिटं कुणीतरी तो स्थिर धरायचा असतो. माझे दोन्ही हात खालच्या बाजूला अडकलेले. अप्पांनी न विचारता हात पुढे केला. दोन बोटांत पंख धरला. पहिले काही सेकंद अगदी छान. मग सुरू झालं.

मी काही बोललो नाही. तेही नाही. गोंद वाळला तेव्हा पंख एका अंगाला कलला होता. चार-पाच मिलिमीटर. कुणाला दिसणारही नाही. पण मंडळी, मला दिसत होता.

रात्री सगळे झोपल्यावर मी उठलो. ब्लेडने चारही खांब सोडवले, पंख उतरवला आणि सरळ करून पुन्हा चिकटवला. अर्धा तास स्वतःच्या हातात धरून बसलो. चोख काम झालं. इतकं चोख की जोड दिसेना.

सकाळी अप्पा टेबलापाशी आले. विमान उचललं नाही, फक्त वाकून बघितलं. ''पंख सरळ झाला वाटतं,'' म्हणाले. मी म्हटलं, ''हो, रात्री वाळताना आपोआप...'' ते वाक्य मला पुरं करता आलं नाही. अप्पांनी मान हलवली आणि ओटीवर जाऊन बसले. चहा तिथेच मागितला.

मला आजवर ऑफिसात पुष्कळ वेळा लाज वाटलीय. डेडलाइन हुकली, क्लायंटसमोर आकडा चुकला. पण त्या सकाळची लाज वेगळी होती. मी काय दुरुस्त केलं होतं?

त्याच रविवारी शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत जायचं ठरलेलं होतं. माझा शाळेतला दोस्त तिथे शिक्षक आहे. 'तुझं ते कागदाचं पोरांना दाखव ना यार,' असं दोन वर्षं म्हणत होता. मी गाडीत सामान टाकत होतो तर अप्पा शर्ट बदलून बाहेर आले. ''मीही येतो. रस्ता माझा आहे.''

मुरबाड सोडून सरळगाव, तिथून किन्हवलीच्या अंगाने शहापूर. भात कापून झालेलं, खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग. अप्पा एकेक गाव ओळखत होते. इथे वस्तीला राहिलो, इथला रस्ता पावसात बंद व्हायचा, इथल्या पोरी चौथीनंतर यायच्या नाहीत. मी नुसता हुंकार देत होतो. लांबवर माहुलीचे सुळके दिसायला लागले. याच तालुक्यात तानसा आणि भातसाची धरणं आहेत. आपण मुंबई-ठाण्यातले लोक शॉवरखाली गाणी म्हणतो ते पाणी इथून येतं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतात. वर्षानुवर्षांचं आहे हे. पण गाडीतून जाताना अप्पा शेजारी असले की ते जास्त टोचतं.

आश्रमशाळेत आठवी-नववीची चाळीसेक मुलं-मुली. ठाकर, कातकरी घरांतली बरीचशी. मी सोपं केलेलं सॉपविथ कॅमल नेलं होतं, मोजून २८ तुकडे. दहा गट केले. पहिल्या पाच मिनिटांत एका मुलीने हात वर केला.

''सर, हे उडतं का?''

''नाही.''

''मग?''

माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं. ठाण्यात कुणी विचारलं तर मी 'स्ट्रेसबस्टर' वगैरे म्हणतो. इथे जीभ रेटेना. म्हटलं, ''करून बघ, मग तूच सांग.''

पंखांच्या खांबांसाठी मी टूथपिक नेल्या होत्या. एका पोराने त्या बघितल्या, बाहेर गेला आणि बांबूचा तुकडा घेऊन आला. कोयत्याने अशा बारीक कामट्या काढल्या की टूथपिक जाड वाटावी. गोल नाही, चपट्या. खऱ्या विमानाचे खांबही चपटेच असायचे, वारा कापायला सोपं जावं म्हणून. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. तारांसाठी कुणीतरी मासेमारीची तंगूस आणली. माझं टूलकिट अर्ध्या तासात आऊटडेटेड झालं.

मग वरचा पंख आला आणि दहाही गटांची गाडी अडली. धरला तर हलतो, सोडला तर पडतो. गोंदाचे हात, हशा, एकमेकांवर ओरडणं. मी या टोकापासून त्या टोकाला पळत होतो. अप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांनी त्या 'मग?'वाल्या मुलीला जवळ बोलावलं. म्हणाले, ''खडूचे रिकामे खोके असतील बघ कपाटात. आण चार-पाच.''

खोका आला. अप्पांनी तिला दोन पंखांमधलं अंतर मोजायला लावलं. खोक्यावर तेवढ्या उंचीवर रेघ मारायला लावली, तेवढाच कापायला लावला. असे दोन सारखे तुकडे. ते दोन्ही खालच्या पंखावर उभे ठेवायचे, त्यावर वरचा पंख निजवायचा, खांबांना गोंद लावायचा आणि हात काढून घ्यायचा. वाळेपर्यंत कुणी धरायचंच नाही.

''हात हलला तरी चालतो,'' अप्पा तिला म्हणाले. ''खोका हलत नाही.''

ती म्हणाली, ''आजोबा, तुमचा हात किती हलतो.''

''हलतो ना. म्हणून तर खोका.''

दहा मिनिटांत सगळ्या वर्गात खडूचे खोके कापले जात होते. या युक्तीला कारखान्यात जिग म्हणतात, मॉडेलवाले तर सर्रास वापरतात, मला ठाऊकही होती. पण मी नेहमी हातानेच धरायचो. माझा हात हलत नाही ना. मी तिथे फळ्याजवळ उभा राहून अप्पांकडे बघत होतो. सकाळपासून ओटीवर बसून, गाडीत गावांची नावं सांगता सांगता, ते हेच जुळवत होते बहुतेक.

दुपारी दहा कॅमल तयार झाले. कॅमल म्हणजे उंट. मशीनगनवरच्या पत्र्याला उंटासारखं मदार आलं होतं, म्हणून हे नाव पडलं. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. या विमानाच्या नावावर शत्रूची जवळपास तेराशे विमानं पाडल्याची नोंद आहे, वगैरे. ठाण्यात इथे लोक 'वॉव' म्हणतात. कामट्या काढणारा पोरगा म्हणाला, ''म्हणजे त्यातली माणसं मेली?''

''हो. बरीचशी.''

''आणि यातली?''

तेही मला पाठ होतं, फक्त मी सांगत नसे. कॅमल चालवायला फार द्वाड. इंजिनच प्रोपेलरसोबत गरगर फिरायचं, त्यामुळे उजवीकडे झटकन वळायचं आणि जरा दुर्लक्ष झालं की गिरकी घेत खाली. लढाईत गेले त्यांच्या जवळपास जाणारी संख्या अपघातात गेलेल्यांची आहे. शिकाऊ पोरं. अठरा-एकोणीस वर्षांची. वर्ग शांत झाला. नववीचा मुलगा आणि एकोणिसाव्या वर्षी गेलेला इंद्रलाल, अंतर किती? चार-पाच वर्षांचं.

अप्पांनी तिथून धागा उचलला. वेलिनकरांचं सांगितलं. मुंबईचा मुलगा, परक्या देशात, परक्यांच्या लढाईत, त्यांच्याच विमानातून गेला. मग म्हणाले, ''आणि सिद्धगड माहितीये ना? आपल्या मुरबाडचा. तिथे २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. विजेचे मनोरे पाडले म्हणून इंग्रजांच्या पोलिसांनी घेरलं होतं. एक इंग्रजांसाठी मेला, दोघे इंग्रजांविरुद्ध. मधे वर्षं फक्त पंचवीस.'' कोण बरोबर, कोण चूक, ते त्यांनी सांगितलं नाही. ''मोठे झालात की वाचा आणि ठरवा,'' म्हणाले आणि पाणी मागितलं. पेला मीच धरला. त्यांनी धरू दिला.

निघताना ती 'मग?'वाली मुलगी विमान घेऊन आली. म्हणाली, ''यात माणूसच नव्हता. मी बसवला.'' उरलेल्या कागदाच्या सुरळीचा, बोटाच्या पेराएवढा माणूस, डोक्याला काळं स्केचपेन. माझ्या घरात एवढी विमानं आहेत. एकातही कुणी बसलेला नाही. नेटवर सगळे तसेच ठेवतात, क्लीन दिसतं म्हणून. मला कधी खटकलंच नव्हतं.

परतताना अंधार पडला होता. सरळगावच्या आसपास मी एकदाचं म्हटलं, ''अप्पा, पंख रात्री मी काढला होता.''

''माहितीये.''

''काढायला नको होता.''

अप्पा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. ''वाकडा होता तो,'' म्हणाले. ''मला पण दिसत होता. तू सकाळी मला बोलावून काढला असतास तर चाललं असतं.''

यावर काय बोलणार? मी गाडी चालवत राहिलो. तो वाकडा पंख आता परत आणता येत नाही. ब्लेडने मोडलेलं पुन्हा चिकटतं, पण हलत्या हाताने चिकटवलेलं पुन्हा तसंच येत नाही.

घरी गेल्यावर पुतण्याने डॉल्फिनच्या चौकटीत कागदाचा माणूस बसवला. डोकं बाहेर काढून. अप्पांनी त्याला चष्मा लावायला सांगितला, म्हणजे गॉगल. ते विमान मी ठाण्याला आणलं नाही. मुरबाडला टीव्हीवर आहे. आई त्यावरची धूळ झटकते.

आता पुढचं काम सुरू आहे. वेस्टलँड वापिटी. भारतीय हवाई दलाचं पहिलं विमान. दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ची, पण पहिली स्क्वाड्रन उभी राहिली १ एप्रिल १९३३ला, कराचीच्या ड्रिघ रोडवर, चार वापिटी घेऊन. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक वापिटी जपलेलं आहे. मी खूप वर्षांपूर्वी ते पाहिलं होतं, दांडगं धूड आहे. १:३३ मध्ये सुद्धा पंख ४३ सेंटिमीटर भरतात. अप्पांना त्यातली एक गोष्ट फार आवडली. युद्धानंतर ब्रिटिशांकडे जुन्या विमानांचे सुटे भाग ढिगाने पडून होते, म्हणून नवं विमान बांधताना ते भाग वापरायचे अशी अटच होती. ''म्हणजे जुन्या लेंग्याची पिशवी,'' अप्पा म्हणाले.

त्या चार वापिटींपासून सुरू झालेल्या दलाने २६ सप्टेंबर २०२५ला मिग-२१ला चंदीगडमध्ये निरोप दिला. अप्पांनी तो कार्यक्रम टीव्हीवर बघितला होता. नाशिकजवळ ओझरला बनलेली विमानं ती, म्हणून जरा जास्तच आपुलकीने.

मी आता महिन्यातून दोनदा मुरबाडला जातो. रिलीज असतंच, क्लायंटही येतच असतो. काल ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन वाजला. अप्पा. बाहेर जाऊन उचलला.

''अरे, मागच्या वेळचा कागद पातळ आहे. पंख झोल खातो. १६०चा नको, २००चा आण. आणि खडूचे खोके इथे मिळत नाहीत हल्ली. मी साबणाचे जमवून ठेवलेत.''

मी 'हो' म्हटलं. मीटिंगमध्ये परत जाऊन बसलो. बॉसने काय विचारलं ते मला अजून आठवत नाही.

ट्राय करायचंय?

* कागद १६० ते २०० जीएसएमचा घ्या. कागदालाही लाकडासारखे उभे तंतू असतात. तंतूंच्या दिशेने वळवला तर गोल छान येतो, आडवा वळवला तर चुण्या पडतात. आधी कोपऱ्यावर वळवून बघा.

* गोंद कमी. अगदी कमी. जास्त झाला की कागद ओला होऊन फुगतो. टोकाला लावायला टूथपिक वापरा.

* मुडपायच्या आधी रेघेवर रिकामं बॉलपेन फिरवा, कापून झाल्यावर कडा रंगवा.

* कात्री जागेवर, कागद फिरवा.

* सुरुवात साध्या, कमी तुकड्यांच्या विमानाने करा. पहिलं विमान वाकडंच होतं. ते फेकू नका.

* वरचा पंख बसवायला दोन सारखे खोके. आणि शेजारी एक माणूस असेल तर उत्तम.